चोरी झाली की बोट पालांकडेच का?

गावात चोरी झाली की आपलं बोट आधी वेशीबाहेरच्या पालांकडे जातं. तिथे पारधी किंवा कैकाडी उतरलेले असले, तर पुरावा शोधायची गरजही कोणाला वाटत नाही. ही सवय आपण सोडावी, म्हणून हे लिहितो आहे.

या संशयामागे एक जुना कायदा आहे. १८७१ मध्ये इंग्रजांनी गुन्हेगार जमाती कायदा केला. पुढे तो मुंबई इलाख्यातही लागू झाला. अमुक जमातीत जन्मला म्हणून गुन्हेगार! रोजची हजेरी आली, परवानगीशिवाय गाव सोडायला बंदी आली, सोलापुरात तारेच्या कुंपणाआड सेटलमेंट, म्हणजे सक्तीची वसाहत, उभी राहिली. गुन्हेगार जन्मतःच वेगळा असतो, असं इटलीच्या लोंब्रोझोनेही १८७६ मध्ये मांडलं. इंग्लंडच्या चार्ल्स गोरिंगने हजारो कैद्यांची मोजमापं घेतली आणि १९१३ मध्ये ते खोटं ठरवलं. आपल्याकडचा कायदाही ३१ ऑगस्ट १९५२ रोजी गेला. लोकांच्या मनातून मात्र तो गेलेला नाही.

अमेरिकी समाजशास्त्रज्ञ हॉवर्ड बेकर यांनी १९६३ मध्ये शिक्क्याचा सिद्धांत मांडला, तो आपल्याला फार उपयोगी आहे. समाज एकदा माणसावर शिक्का मारतो आणि मग त्याची दुसरी कोणतीच ओळख मानत नाही. पालावरच्या पोराला शाळेत चोराचा म्हणून मागे बसवलं, मोठेपणी शेतावर काम नाकारलं, प्रत्येक चोरीनंतर चौकीवर नेलं, तर सरळ मार्गाने जगायला त्याच्यापुढे उरतं काय? शाळा, काम आणि आपली माणसं यांचे धागे तुटले की गुन्ह्याची वाट सोपी होते, हे ट्रॅव्हिस हर्शी या अमेरिकी समाजशास्त्रज्ञांनी १९६९ मध्ये सांगितलं. ते धागे इथे आपणच तोडतो.

१ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारी टोळी समजून जमावाने पाच जणांना ठार मारलं. ते मंगळवेढ्याकडचे डवरी गोसावी होते, भिक्षा मागून जगणारे. मोबाइलवर फिरलेली अफवा आणि भटक्यांविषयीचा जुना संशय, एवढंच त्यांना मारायला पुरलं.

म्हणून विनंती आहे. चोरी झाली तर काय गेलं, कधी गेलं ते पोलिसांना सांगा. पाहिलं नसेल तर कोणाचं नाव घेऊ नका. अनोळखी माणसाचा संशय आला तर ११२ वर फोन करा, त्याचा फोटो पुढे पाठवू नका. पालावरच्या माणसाला जातीचा दाखला, रेशनकार्ड काढायचं असेल तर सोबत तहसीलमध्ये जा. आणि जूनमध्ये शाळा सुरू होताना मुख्याध्यापकांना भेटून विचारा: पालावरच्या मुलांची नावं पटावर आली का?