गेटर घेण्याआधी पोटरी मोजा



दिवाळीची सुट्टी संपली की आपल्या शाळांमध्ये गडकिल्ल्यांच्या सहलींची तयारी सुरू होते. सूचनापत्र निघते. त्यात साहित्याची यादी असते : पाण्याच्या दोन बाटल्या, टोपी, कोरडा खाऊ, टॉर्च, चांगली पकड असलेले बूट. अलीकडे काही शाळांच्या यादीत आणखी एक वस्तू दिसू लागली आहे, ती म्हणजे गेटर. दोन वर्षांपूर्वी आमच्या शाळेच्या यादीत हा शब्द मीच घातला होता. त्याचं पुढे काय झालं, ते सांगण्यासाठी आजचा लेख.

आधी गेटर म्हणजे काय, ते थोडक्यात. ज्यांनी एन.सी.सी. केली आहे त्यांना बुटावर बांधायचे अँकलेट आठवत असतील. गेटर हा त्याचाच मोठा भाऊ. बुटाच्या तोंडापासून घोट्यावरून वर पोटरीपर्यंत जाणारं जाड कापडाचं वेष्टण. खालचा पट्टा बुटाच्या तळाखालून जातो, पुढचा आकडा लेसमध्ये अडकतो, वरच्या तोंडाला नाडी किंवा बकल असतं. कल्पना काही नवीन नाही. पूर्वी सैनिक पायाला लांब पट्ट्या गुंडाळत. त्या पट्ट्यांसाठीचा इंग्रजी शब्दसुद्धा हिंदीतल्या 'पट्टी'वरूनच गेलेला आहे.

सह्याद्रीत त्याचा उपयोग आहे का? नक्कीच आहे. नोव्हेंबरात गवत वाळलं की कुसळं मोज्यात घुसतात. कुसळाची शेपटी दमट हवेत उलगडते, कोरड्या हवेत पुन्हा पिळते, आणि त्या पिळानेच टोक आत आत जातं. (विज्ञानाच्या शिक्षकांनी वर्गात जरूर दाखवावं. ओल्या हाताने कुसळ धरलं तरी ते फिरताना दिसतं.) घसाऱ्यावरून उतरताना बारीक खडे बुटात जातात, करवंदीच्या जाळ्या पोटऱ्या ओरबाडतात. पोरं दर दहा मिनिटांनी बूट काढून बसली की सगळी रांग थांबते. म्हणून मी यादीत लिहिलं : 'गेटर – एक जोडी.' एवढंच लिहिलं.

आम्ही राजगडला गेलो होतो. गुंजवण्याच्या बाजूने चढलो, पद्मावती माचीवर डबे खाल्ले, दुपारी त्याच वाटेने उतरू लागलो. ही वाट उतरताना घसरडी आहे, हे जाणाऱ्यांना ठाऊक आहे. आठवीतल्या एका मुलीचे गेटर सकाळपासून खाली सरकत होते. ती बिचारी दर थोड्या वेळाने वाकून वर ओढत होती. मी पाहिलं आणि म्हटलं, "नाडी घट्ट कर गं." नाडी शेवटपर्यंत ओढलेलीच होती! ते गेटर मोठ्या माणसाच्या मापाचे होते. उतारावर तिच्या एका बुटाखालचा सैल झालेला पट्टा दुसऱ्या बुटाच्या आकड्यात अडकला. ती तोंडावर पडली. हात पुढे टाकला म्हणून डोकं वाचलं, पण मनगटाचं हाड मोडलं. ओढणीची झोळी करून तिला खाली आणलं. त्या दोन तासांत माझ्या मनात काय काय येऊन गेलं, ते सहल नेणाऱ्या प्रत्येक शिक्षकाला न सांगता कळेल.

दवाखान्यात तिचे वडील भेटले. रागावले नाहीत. फक्त म्हणाले, "बाई, तुम्ही यादीत लिहिलं म्हणून आणले. फ्री साइज होते, मापाचं तर काही लिहिलं नव्हतं." त्या वाक्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. आजही नाही.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. पायाला न बसणारा गेटर हा गेटर नसण्यापेक्षा वाईट. कुसळ टोचलं तर पाच मिनिटं जातात, पट्टा अडकला तर मूल पडतं. ज्या शाळेला माप सांगता येत नाही, तिने ही वस्तू यादीत घालूच नये. आणि घालायची असेल, तर पुढच्या चार गोष्टी पालकांना लिहून द्याव्यात.

पहिली गोष्ट, पोटरीचं माप. शिंप्याची टेप घ्या. मुलाला उभं करा, कारण बसल्यावर पोटरीचा आकार बदलतो. सहलीत घालायची तीच पॅन्ट घालायला लावा आणि पोटरीच्या सर्वांत जाड भागाचा घेर मोजा. माप संध्याकाळी घेतलेलं बरं, दिवसभर चालून पाय थोडे फुगलेले असतात. हा घेर गेटरच्या मापात मध्यावर यायला हवा. नाडी पूर्ण ओढल्यावरच जेमतेम बसतो तो गेटर घेऊ नका. 'मूल वाढतंय, पुढच्या वर्षीही होईल' हा हिशेब गणवेशाला चालतो, इथे नाही.

दुसरी गोष्ट, उंची. गेटरची वरची कड गुडघ्यामागच्या घडीच्या किमान चार बोटं खाली हवी. त्याहून वर गेली तर गुडघा वाकवताना कड रुतते आणि प्रत्येक पायरीला गेटर खाली ढकलला जातो. मोठ्यांचे गुडघ्यापर्यंतचे गेटर लहान मुलांना नेमके इथेच त्रास देतात. कोरड्या वाटेवर शाळकरी मुलांना घोट्याच्या थोडा वर जाणारा आखूड गेटर पुरेसा असतो. तो हलका असतो, घाम कमी येतो आणि बसतोही चांगला.

तिसरी गोष्ट, बूट. दुकानात जाताना सहलीचेच बूट घेऊन जा. खालची कड लेस आणि बुटाचं तोंड पूर्ण झाकते का ते बघा. तळाखालचा पट्टा टाचेच्या पुढच्या खाचेत बसतो. आपल्या मुलांच्या साध्या कॅनव्हासच्या किंवा सपाट तळाच्या बुटांना ही खाच नसतेच. मग पट्टा सरळ दगडावर घासतो, झिजतो आणि शेवटी तुटतो किंवा सैल पडतो. अशा बुटांवर पट्ट्याचा गेटर नकोच. पट्टा बदलता येतो का, हेही विचारून घ्या.

चौथी गोष्ट, डावा-उजवा. आकडे, बकल, नाडीची टोकं पायाच्या बाहेरच्या बाजूला यायला हवीत. आत आली तर चालताना एकमेकांत अडकतात. त्या दिवशी आमच्याकडे हेही चुकलं होतं, नंतर फोटोत दिसलं. वेल्क्रो किंवा चेन पुढच्या बाजूला असलेला गेटर मुलांना स्वतः घालता येतो. मागे चेन असली की प्रत्येक जण "बाई, लावून द्या ना" म्हणत येतो.

घेतल्यावर घरीच परीक्षा घ्या. गेटर बांधून मुलाला दहा वेळा उकिडवं बसायला-उठायला सांगा. जिना चढायला आणि मुख्य म्हणजे उतरायला लावा. वीस मिनिटं अंगणात हिंडू द्या. गेटर दोन बोटांपेक्षा जास्त घसरला तर माप मोठं. काढल्यावर पोटरीवर लाल वळ राहिला किंवा पायाला मुंग्या आल्या तर माप लहान किंवा नाडी जास्त घट्ट. वरच्या कडेत एक बोट सहज जायला हवं.

आता पालक हमखास विचारतात तो प्रश्न : "साप चावला तर गेटरमुळे वाचतील ना?" इथे गोड बोलून चालणार नाही. साधे नायलॉनचे गेटर सर्पदंशासाठी बनवलेले नसतात. भारतात 2000 ते 2019 या काळात सर्पदंशाने सुमारे 12 लाख माणसं दगावली असा अभ्यासकांचा अंदाज आहे, म्हणजे वर्षाला सरासरी 58 हजार. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं हे चारही विषारी साप आपल्याकडे आहेत. पण मुलं दगडाच्या कपारीत हात घालतात तेव्हा पायातला गेटर काय करणार? पाय टाकण्याआधी बघणं, काठी आपटत चालणं, कपारीत हात न घालणं, अंधार पडण्याआधी खाली येणं, हेच खरं संरक्षण. दंश झालाच तर आवळून बांधू नये, चिरा देऊ नये. पायातल्या घट्ट वस्तू, त्यात गेटरही आला, काढाव्यात. मुलाला चालू न देता, पाय फारसा न हलवता सरकारी रुग्णालयात न्यावं. 108 हा क्रमांक सगळ्या मुलांना पाठ असावा.

पावसाळी सहलीतल्या जळवांचंही तसंच. गेटरच्या खालून, वरून, फटीतून जळवा आत शिरतात. त्यांच्यासाठी घट्ट विणीच्या कापडाचे, गुडघ्याखाली बांधायचे मोजे जास्त कामाचे. गावातला शिंपी ते सहज शिवून देतो. कोरड्या दिवसांसाठी जुन्या जीन्सच्या पायांचे आखूड गेटरही शिवता येतात. भिजले की मात्र जड होतात, म्हणून पावसात नको.

खर्चाबद्दलही बोलायला हवं. वर्षातून एकदा लागणारी वस्तू चाळीस पालकांनी चाळीस ठिकाणांहून आणण्यापेक्षा शाळेनेच लहान, मध्यम, मोठे असे संच करून ठेवावेत. क्रिकेटचे पॅड आपण प्रत्येक मुलाला विकत आणायला सांगतो का? मग गेटर का सांगतो? ज्याच्या घरी परवडत नाही, ते मूल कुणाचे तरी जुने, मोठे गेटर मागून आणतं. धोका नेमका त्याच्याच वाट्याला येतो.

किती आणि कोणत्या मापाचे घ्यायचे, ते मुलांनाच काढू द्या. मी गेल्या वर्षी आठवीच्या तासाला हे केलं. जोड्या केल्या, टेप दिल्या, प्रत्येकाने जोडीदाराच्या पोटरीचा घेर मोजला. मुलींनी मुलींचा, मुलांनी मुलांचा. नावं न लिहिता आकडे फळ्यावर आले. वर्गांतर ठरवलं, वारंवारता सारणी झाली, सरासरी काढली. मग मी विचारलं, "सगळ्यांसाठी सरासरी मापाचे गेटर आणूया का?" क्षणभर शांतता. मागच्या बाकावरून उत्तर आलं, "नको बाई, मग कुणालाच नीट बसणार नाहीत." सरासरीची मर्यादा मी इतकी वर्षं शिकवतेय, इतकी सरळ मलाही कधी सांगता आली नव्हती.

काही ज्येष्ठ सहकारी म्हणतात, "आम्ही तर चपला घालून गड चढलो, आम्हाला काय झालं?" खरं आहे. पण तुम्ही स्वतःच्या जबाबदारीवर गेला होतात, सर. ही मुलं आपल्या सहीच्या पत्रावर येतात. आणि मी काही गेटर घालाच असं म्हणत नाही. घालणार असाल तर मापाचे घाला, नसतील तर लांब पॅन्टचे पाय मोज्यात खोचून चला.

त्या मुलीचं मनगट दीड महिन्यात बरं झालं. यंदा ती दहावीत आहे. जानेवारीच्या सहलीच्या यादीखाली आता चार ओळी जास्त असतात. संच कपाटात आहे, आणि निघण्याच्या आदल्या दिवशी शाळेच्या जिन्यावर मुलांना गेटर घालून चढ-उतर करायला लावते. वरच्या पायरीवर उभं राहून बघायचं काम तिनेच मागून घेतलं आहे. कुणाचा पट्टा सैल दिसला की ती माझ्या आधी ओरडते.

तुमच्या शाळेचं सूचनापत्र अजून निघालं नसेल, तर त्या यादीत मापाच्या ओळी आजच वाढवा.