पट्टीने मोजलेली ताकद

साडेसहा फुटांच्या खाली असाल तर स्ट्राँगमन या ताकदीच्या खेळाच्या नादी लागू नका, असा सल्ला एक जाणकार सध्या तरुण पोरांना देत आहेत. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: २०११ ते २०२४ या चौदा वर्षांत ‘वर्ल्ड्स स्ट्राँगेस्ट मॅन’ हा किताब आठ वेळा सहा फूट आठ इंच किंवा त्याहून उंच माणसाने नेला, दगड ओट्यावर चढवायचा आणि वजन उंच दांडीवरून फेकायचं, म्हणजे खेळच उंचांसाठी बेतलेला, सबब बाकीच्यांनी दुसरं काही बघावं. आकडा खरा आहे. त्यावरून काढलेला निष्कर्ष मात्र पोरांचं नुकसान करणारा आहे, म्हणून त्याचा समाचार घेणं भाग आहे.

किताब आठ, पण माणसं किती? तीन. ब्रायन शॉ, हाफथोर ब्योर्नसन आणि टॉम स्टोल्टमन. त्याच चौदा वर्षांतले उरलेले सहा किताब साविकास, हॉल, लिसिस, नोव्हिकोव्ह आणि हूपर यांनी जिंकले, आणि हे पाचही जण सहा फूट एक ते सहा फूट तीन इंचांच्या घरातले आहेत. शिवाय मोजणी २०११ पासूनच का सुरू करायची? जरा मागे गेलं की मारियुश पुजानोव्स्की आडवा येतो. पोलंडच्या या गड्याने २००२ ते २००८ या काळात पाच वेळा किताब मारला. इतके किताब दुसऱ्या कुणाच्याच नावावर नाहीत, आणि त्याची उंची १८६ सेंटिमीटर. फिनलंडचा योको अहोला १९९७ आणि १९९९ मध्ये जिंकला, तोही १८५ चाच. उलट सात फुटी टेड व्हॅन डर पार १९९२ मध्ये एकदा जिंकला, पुन्हा कधीच नाही. सोयीचं वर्ष धरून काढलेल्या हिशेबाला अभ्यास म्हणत नाहीत.

आता दगडाकडे वळू, कारण या जाणकारांचा सगळा भरवसा दगडावर आहे. ॲटलस स्टोन म्हणजे काँक्रीटचा गुळगुळीत गोळा. त्याला ना कडी, ना कंगोरा. खेळाडू हाताच्या कोपरापर्यंत राळेचा चिकट लेप फासतो, पाय दगडाच्या दोन्ही बाजूंना रोवतो, बोटं खाली सरकवतो आणि गोळा ओढून मांड्यांवर घेतो. तिथे क्षणभर उकिडवं बसल्यासारखं थांबायचं, हातांची पकड बदलून गोळ्याला वरून कवळ घालायची, आणि मग कंबर पुढे ठोसत उभं राहत तो छातीवर लोळवत ओट्यावर सारायचा. या सगळ्या खटाटोपात उंची नेमकी कुठे उपयोगी पडते? फक्त शेवटच्या टप्प्यात. त्याच्या आधी उंच माणसालाच जास्त खोल वाकावं लागतं आणि त्याच्याच पाठीवर लांब तरफेचा ताण येतो. लांब हातांनी कवळ नीट बसते, हे कबूल. पण हाताची लांबी आणि उंची या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आणि सगळ्यात महत्त्वाचं, जे हे जाणकार सांगतच नाहीत: पारंपरिक मांडणीत पाच दगड जसजसे जड होत जातात, तसतसे ओटे बुटके होत जातात. सर्वांत उंच ओट्यावर सर्वांत हलका दगड, सर्वांत जड दगड सर्वांत बुटक्या ओट्यावर. म्हणजे उंचीचा फायदा जिथे सर्वाधिक, तिथे दगड किरकोळ; आणि जिथे निकाल लागतो त्या शेवटच्या दगडाशी उंचीची मदत सर्वांत कमी. स्टोल्टमनने २०२० मध्ये २८६ किलोचा दगड दांडीपलीकडे टाकला, तो निव्वळ सहा फूट आठ इंचांच्या बळावर नव्हे. तसं असतं तर त्याच्या उंचीच्या प्रत्येकाला ते जमलं असतं.

हाच स्टोल्टमन त्याच वर्षी फ्लोरिडातल्या ब्रेडेंटनला ‘वर्ल्ड्स स्ट्राँगेस्ट मॅन’मध्ये दुसरा आला. पहिला आला युक्रेनचा ओलेक्सी नोव्हिकोव्ह, त्याच्याहून अठरा सेंटिमीटरने बुटका; त्याच स्पर्धेत अठरा इंचांवरून उचलायच्या डेडलिफ्टमध्ये त्याने ५३७.५ किलोचा विक्रम केला. २०२३ मध्ये स्टोल्टमन पुन्हा दुसरा, हूपर पहिला.

बाकीच्या मुद्द्यांना फार वेळ द्यायला नको. पूर्ण, म्हणजे जमिनीवरून उचलायच्या डेडलिफ्टमध्ये ५०० किलोचा टप्पा पहिल्यांदा गाठला तो एडी हॉलने, २०१६ मध्ये लीड्सला, सहा फूट तीन इंचांत. लॉग म्हणजे जड ओंडका डोक्यावर न्यायचं अंतर आखूड हातांना कमी पडतं; २०२१ मध्ये ग्लासगोत २२९ किलो उचलणारा बुर्किना फासोचा आयर्न बिबी जेमतेम सहा फुटांच्या आसपासचा आहे. दांडीवरून वजन फेकण्यात मात्र उंच माणूस पुढे असतो, यात वाद नाही.

आपल्याकडे तालमीतही हा वाद जुनाच. उंच पैलवानाचा पट लवकर निघतो की ठेंगण्याला ढाक लवकर बसते, यावर हौद्याच्या काठावर पिढ्या वाद घालत आल्या. तेव्हाही ‘उंची पाहिजे’ म्हणणारे होतेच. खाशाबा जाधवांनी १९५२ मध्ये हेलसिंकीत ५७ किलो गटात ब्राँझ मिळवलं, तरी या उंचीवाल्यांचं समाधान झालं नाही.

मग खरं काय? उंची हा सांगाडा आहे, आणि मोठ्या सांगाड्यावर जास्त स्नायू पेलवतात. शॉ आणि ब्योर्नसन ऐन भरात दोनशे किलोंच्या घरात होते. ते वजन त्यांच्या हाडांना झेपत होतं. हॉलने २०१७ चा किताब जवळपास तेवढ्याच वजनाने जिंकला, पण नंतर तब्येतीसाठी ते उतरवलं. म्हणून खुल्या गटात वर पोचणाऱ्याला पुरेसा मोठा देह लागतो, हे मान्य. पण साडेसहा फुटांची अट त्यातून निघत नाही. आणि वजनगटांच्या स्पर्धा आहेतच. १०५ किलोंच्या आत पावणेसहा फुटांचा मुलगा भरीव दिसतो, साडेसहा फुटांचा किडकिडीत. १९७७ च्या पहिल्या ‘वर्ल्ड्स स्ट्राँगेस्ट मॅन’मध्ये साडेपाच फुटी फ्रँको कोलंबू पाठीवर फ्रीज घेऊन धावताना पायाला जबर दुखापत होऊनही पाचवा आला होता.

तेव्हा प्रशिक्षकांना विनंती एवढीच, की दारात आलेल्या पोराला भिंतीवरच्या पट्टीशी उभं करू नका. त्याची पकड बघा, पाठ बघा, वजन वाढवायची तयारी आहे का ते विचारा, आणि वर्षभर दगड उचलायला लावून मग काय ते सांगा.