एवढीशी वाइनची बाटली, पण दारू किती? लेबलवरून असा करा हिशेब

'अरे, एवढीशी तर बाटली! गाडी चालवायला काय होतंय?' नाशिकच्या सहलीत मित्र असं म्हणाला आणि त्याने स्कूटरची चावी उचलली. टेबलावर १८७ मिलीची वाइनची रिकामी बाटली होती. आम्ही दोघेही इंजिनीअर. पण तिच्यात अल्कोहोल नेमकं किती, हे दोघांनाही सांगता येईना. मोबाइलवर हिशेब केला आणि चावी परत टेबलावर आली. त्या दिवशी आम्ही रिक्षाने गेलो.

युनिट म्हणजे काय?

ब्रिटनमध्ये १० मिली, म्हणजे सुमारे ८ ग्रॅम शुद्ध अल्कोहोलला एक युनिट म्हणतात. ते काढायचं सूत्र शाळेतलं आहे: बाटलीतले मिली गुणिले लेबलवरची अल्कोहोलची टक्केवारी, भागिले १०००.

आता आकडे पाहा:

• वाइन, १८७ मिली, १३ टक्के: २.४ युनिट
• वाइनचा कॅन, २५० मिली, १३ टक्के: ३.३ युनिट
• वाइनची अर्धी बाटली, ३७५ मिली, १३ टक्के: ४.९ युनिट
• व्हिस्कीचा स्मॉल पेग, ३० मिली, ४२.८ टक्के: १.३ युनिट

म्हणजे ती 'एवढीशी' बाटली जवळपास एका लार्ज पेगइतकी आहे. अर्धी बाटली संपवली, तर जवळजवळ चार स्मॉल पेग झाले. पेग आपण मोजतो, वाइन मात्र सरबतासारखी पितो. घोळ इथेच होतो.

टक्केवारीही बघा. तीच १८७ मिलीची बाटली ११ टक्क्यांची असेल तर २.१ युनिट, १४.५ टक्क्यांची असेल तर २.७. आकार तोच, दारू वेगळी.

मग गाडी कधी चालवायची?

ढोबळमानाने शरीराला एक युनिट निकामी करायला तासभर लागतो. वजन, लिंग, रिकामं पोट यानुसार हे बदलतं. कॉफी किंवा थंड पाण्याची आंघोळ यांनी वेग वाढत नाही. भारतात मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ नुसार मर्यादा १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅम आहे. इंग्लंडमध्ये ती ८० आहे. आपली मर्यादा इतकी कमी, की एका छोट्या बाटलीनेही ती ओलांडली जाऊ शकते. पहिल्या गुन्ह्याला १० हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. त्यामुळे 'किती घेतली तर चालेल' हा हिशेबच करू नका. प्यायलात तर चावी दुसऱ्याकडे द्या.

लेबलवर एवढं तरी छापा

आपल्याकडे लेबलवर टक्केवारी आणि 'दारू पिऊन गाडी चालवू नका' असा इशारा असतो. पण टक्केवारीवरून गुणाकार करत बसणार कोण? ऑस्ट्रेलियात बाटलीत किती 'स्टँडर्ड ड्रिंक' आहेत, हे छापणं बंधनकारक आहे. तिथे एक ड्रिंक म्हणजे १० ग्रॅम अल्कोहोल. आपल्या लेबलवरही 'या बाटलीत १९ ग्रॅम अल्कोहोल' अशी एक ओळ ठळक छापायला काय हरकत आहे? बिस्किटाच्या पुड्यावर साखरेचे ग्रॅम छापतातच की!

जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये स्पष्ट केलं आहे की दारूचं कोणतंही प्रमाण आरोग्याला पूर्ण सुरक्षित नाही. प्यायची की नाही, हे ज्याचं त्याने ठरवावं. पण किती पितोय, हे कळण्याचा हक्क ग्राहकाला हवाच. ती ओळ छापून येईपर्यंत मोबाइलमधला कॅल्क्युलेटर आहेच. तो बाटली उघडण्याआधी वापरा.