रिव्हॉल्व्हरचे वजन आणि सुरक्षेचे गणित

डिसेंबर २०१२ मधील दिल्लीच्या घटनेने महिलांच्या सुरक्षेचा प्रश्न ऐरणीवर आला. त्यानंतर जानेवारी २०१४ मध्ये कानपूरच्या सरकारी आयुध कारखान्याने खास महिलांसाठी म्हणून ०.३२ बोअरचे 'निर्भीक' हे रिव्हॉल्व्हर बाजारात आणले. किंमत सव्वा लाख रुपयांच्या घरात, वजन अवघे ५०० ग्रॅम. पर्समध्ये सहज मावणारे शस्त्र, अशी त्याची ख्याती झाली. ऑगस्ट २०२३ मध्ये कानपूरच्याच अॅडव्हान्स्ड वेपन्स अँड इक्विपमेंट इंडिया या सरकारी कंपनीने त्याच बोअरचे 'प्रबल' आणले. त्याचे वजन मात्र ७०० ग्रॅम आणि नळी ७६ मिलिमीटर. नवे शस्त्र जुन्याहून जड का, या प्रश्नातच या विषयाचे मर्म आहे.

बाळगायला सोयीचे शस्त्र चालवायला अवघड असते. काडतूस तेच राहिले, तर ५०० ग्रॅमच्या रिव्हॉल्व्हरचा धक्का ७०० ग्रॅमच्या रिव्हॉल्व्हरपेक्षा ढोबळमानाने ४० टक्क्यांनी अधिक वेगाने हातावर येतो. पहिल्या गोळीनंतर नेम पुन्हा जुळवण्यास वेळ लागतो. नळी आखूड असली की नेम धरण्याच्या पुढच्या आणि मागच्या खुणांतील अंतर घटते. हे अंतर १० सेंटिमीटर असेल, तर खूण एका मिलिमीटरने सरकताच १० मीटरवर गोळी १० सेंटिमीटर भरकटते. तेच अंतर १५ सेंटिमीटर असल्यास चूक सात सेंटिमीटरच्या आतच राहते. शिवाय आखूड नळीतून गोळीचा वेगही कमी मिळतो.

ही तडजोड जुनीच आहे. अमेरिकेच्या स्मिथ अँड वेसन कंपनीने १८९९ पासून सहा गोळ्यांची मध्यम 'के' फ्रेम बनवली. गणवेशातील पोलिसांच्या कमरेला दीर्घकाळ चार इंची नळीची अशीच रिव्हॉल्व्हरे असत. १९५० मध्ये आलेली पाच गोळ्यांची छोटी 'जे' फ्रेम साध्या वेशातील पोलिसांच्या पसंतीस उतरली. तिची जेमतेम दोन इंची नळी कपड्यांखाली दडत असे. तिच्यावर हात बसवण्यासाठी मात्र सराव लागे.

भारतात हा सरावच दुर्मीळ आहे. २०१६ च्या शस्त्र नियमांनी सुरक्षा प्रशिक्षणाची तरतूद केली. २०१९ च्या दुरुस्तीने परवानाधारकाकडील शस्त्रांची मर्यादा तीनवरून दोनवर आणली. परंतु शहरांतून नियमित नेमबाजीसाठी मैदाने किती आहेत? पर्समधील शस्त्राने मनाला धीर मिळेल; प्रसंगी उपयोगी पडतो तो सरावाचा हात. सर्वात हलके शस्त्र नवशिक्या हाती देणे म्हणजे सर्वात कठीण शस्त्र देणे होय. महिलांच्या सुरक्षेची जबाबदारी अशा खरेदीवर सोपवून शासनाला मोकळे होता येणार नाही.