दोन कारकून, एक लेजर

लिनक्स फुकट आहे, लिनक्स स्वतंत्र आहे, हे आम्ही कोथरूडकर मंगलाष्टकांइतकं ऐकून बसलो आहोत. ऑक्टोबर 2025 मध्ये विंडोज 10 चा नेहमीचा रतीब बंद झाला आणि डहाणूकर कॉलनीतल्या पेन्शनरांच्या जुन्या यंत्रांवर लिनक्स बसवण्याचं पुण्य भाचे-पुतणे जोडू लागले. जोडोत बापडे! माझं भांडण लिनक्सशी नाही. एका कामावर दोन कारभारी नेमायचे आणि एकाचा पत्ता दुसऱ्याला लागू द्यायचा नाही, या पद्धतीशी आहे.

नेटवर्क जोडायचं काम एक. डेबियनच्या घराण्यात ते पूर्वापार ‘इफअपडाउन’ नावाचा जुना हेडक्लार्क बघतो. 2004 साली रेड हॅटने ‘नेटवर्कमॅनेजर’ हा तरुण साहेब आणला. पुढे सिस्टिमडीच्या घरचा ‘नेटवर्कडी’ आला. एकेकटे घ्या, तिघेही गुणी. पण दोघे एकाच कार्डावर बसले, की राउटरकडे दोघेही पत्ता मागतात आणि बाहेरचा रस्ताही आपापला आखतात. त्यात ‘रिझॉल्व्ह.कॉन्फ’ नावाची दोन-चार ओळींची चिठ्ठी. संकेतस्थळाच्या नावाचा आकडी पत्ता कुणाला विचारायचा, एवढंच तिच्यात असतं. ती एकाने लिहावी, दुसऱ्याने पुसावी. शेवटी लिहील तो खरा! मग जोडणी शाबूत, पण लाइटबिलाचं पान उघडत नाही, आणि बिचारा पेन्शनर राउटर बंद-चालू करीत बसतो.

अहो, बँकेत जॉइंट खातं उघडताना आम्ही आधी विचारतो, सही एकाची चालेल की दोघांची? नवरा-बायकोलाही सोडत नाही. मग यंत्राला हे विचारायला काय धाड भरली आहे?

जाणकार म्हणतात, डेबियनमध्ये जुन्या यादीत कार्डाचं नाव असलं, तर नेटवर्कमॅनेजर त्याला हात लावत नाही. कबूल, सभ्य गृहस्थ आहे. पण ‘हे माझ्या अखत्यारीत नाही’ एवढंच तो सांगतो. कुणाच्या आहे, ते नाही. असलं उत्तर कुठल्या कचेरीत मिळतं, ते पुणेकरांना सांगायला नको. उबुंटूने 2017 मध्ये यावर तोड काढली : दोघांपैकी काम कुणाला द्यायचं, हे ठरवायला ‘नेटप्लॅन’ हा तिसरा नेमला!

मी म्हणतो, एक ठेवा, दुसऱ्याला घरी पाठवा. नुसता ‘डिसेबल’ केलेला, कुणी हाक मारली की निवृत्त हेडक्लार्कासारखा परत काउंटरवर येतो; त्याला ‘मास्क’च करावं लागतं. आणि हे भाच्याने यंत्र हवाली करण्याआधी करावं, रविवारी रात्री काकूंचा अमेरिकेतल्या नातीशी व्हिडिओ कॉल लागेनासा झाल्यावर नव्हे.