निखारा एक, न्याय दोन

अन्नाच्या बाबतीत आमच्या सुशिक्षित समाजाने एक चमत्कारिक दंडसंहिता तयार केली आहे. तीत गुन्हा पदार्थाचा नसतो. पदार्थ करणाऱ्याच्या पत्त्याचा असतो. डुकराचे मांस बँकॉकच्या रस्त्यावर बांबूच्या काडीला ओवून कोळशावर भाजले की ते प्रवासवर्णनाचा विषय होते. तेच मांस हळ्ळीखेडच्या वेशीबाहेर लोखंडी तारेला ओवून बाभळीच्या निखाऱ्यावर भाजले की नाकाला पदर लागतो. पहिले खाऊन आलेला गृहस्थ चार मित्रांना बोलावून त्याची कृती सांगतो. दुसरे खाणाऱ्याच्या मुलाला मात्र शाळेत डबा उघडताना आजूबाजूस पाहावे लागते. या दुहेरी न्यायाविरुद्ध आमची तक्रार आहे, आणि ती आम्ही चुलीपासूनच मांडणार आहोत. कारण खटला चुलीचाच आहे.

थायलंडात या पदार्थास ‘मू पिंग’ म्हणतात. ‘मू’ म्हणजे डुक्कर आणि ‘पिंग’ म्हणजे निखाऱ्यावर भाजणे. नावात याहून अधिक गूढ काही नाही. कामावर निघालेला तेथील मजूर, कारकून वा विद्यार्थी सकाळी हातगाडीवरून दोन-चार काड्या आणि चिकट भाताची एक पुडी घेतो व वाटेतच न्याहारी उरकतो. म्हणजे हे राजेरजवाड्यांचे पक्वान्न नव्हे, कष्टकऱ्यांचे अन्न आहे. आमच्या शहरांतील उपाहारगृहांत ते उंची बशीतून येते, एवढ्याने त्याचे कूळ बदलत नाही.

ते घरी करावयाचे तर काय लागते? खांद्याचे किंवा मानेचे, थोडी चरबी असलेले एक किलो मांस घ्यावे आणि धाग्याच्या आडवे पातळ कापावे. कोथिंबिरीची सहा-सात मुळे स्वच्छ धुऊन, लसणाच्या दहा पाकळ्या आणि चमचाभर पांढरी मिरी यांच्यासह खलबत्त्यात बारीक कुटावीत. थाई स्वयंपाकात हे त्रिकूट इतके मुरलेले आहे की त्याला तीन जिवलग सोबत्यांचे नाव मिळाले आहे. त्यात तीन मोठे चमचे गूळ, तेवढाच सोया सॉस किंवा मिळाल्यास फिश सॉस, आणि अर्धी वाटी नारळाचे दाट दूध घालून ते सारे मांसाला चोळावे व निदान चार तास थंड जागी, उन्हाळ्यात तर शीतकपाटातच, झाकून ठेवावे. बांबूच्या काड्या तासभर पाण्यात भिजवाव्यात, म्हणजे त्या जळत नाहीत. तुकडे दाटीने ओवावेत. मधून एखादा चरबीचा तुकडा असावा. निखाऱ्यावर राख धरली म्हणजेच काड्या मांडाव्यात, कारण ज्वाळेवर गूळ करपतो आणि मांस आत कच्चे राहते. काड्या फिरवीत राहावे आणि उरलेले नारळाचे दूध वरून लावीत जावे. आत गुलाबी रंग उरता कामा नये. उष्णतामापक असेल तर मध्यभागी ७१ अंश सेल्सियस दिसले पाहिजेत. चिकट भात आमच्या भागात नाही. ज्वारीची ऊन भाकरी या मांसाबरोबर त्याहून कमी शोभत नाही.

आता ही यादी पुन्हा वाचावी आणि तीत परके काय आहे ते आम्हांला दाखवावे. ऊस आमच्या शिवारात, गूळ आमच्या गुऱ्हाळात, लसूण आमच्या अंगणात. कोथिंबिरीची मुळे तर आम्ही जुडी सोडताक्षणी तोडून उकिरड्यावर टाकतो. मांस सळईवर भाजण्याची कला बीदरच्या मुलखाला कोणी शिकवावी अशी नाही. येथील बाजारांत पिढ्यान्‌पिढ्या सीगकबाब भाजले गेले आहेत. परके असलेच तर एक नाव, आणि नेमके तेच नाव त्या पदार्थाला आमच्या दिवाणखान्यात प्रवेश मिळवून देते!

“हे आपल्या संस्कृतीत बसत नाही,” हा पहिला आक्षेप. ज्यांना संस्कृतीचा इतका कळवळा आहे त्यांनी फार दूर जाऊ नये, बसवकल्याणपर्यंत यावे. आमच्याच बीदर जिल्ह्यातील हे गाव म्हणजे चालुक्यांची राजधानी कल्याण. तेथे राज्य करणाऱ्या तिसऱ्या सोमेश्वराच्या नावावर ‘मानसोल्लास’ हा बाराव्या शतकाच्या पूर्वार्धातील संस्कृत ग्रंथ आहे. या ग्रंथात महाराष्ट्रातील स्त्रिया कांडताना ओवी गातात असा उल्लेख सापडतो म्हणून मराठी वाङ्मयाचा प्रत्येक इतिहासकार त्यास वंदन करतो, आणि ते योग्यच आहे. परंतु त्याच ग्रंथात अन्नभोगाचे प्रकरणही आहे. त्या प्रकरणात वराहाचे केस ऊन पाण्याने काढून त्याला अग्नीवर भाजावे कसे, मग त्याच्या ताडपत्रासारख्या पट्ट्या कापाव्यात कशा, हे सांगितले आहे. शिवाय मांसाचे तुकडे शुळावर भाजण्याचा ‘भडित्रक’ नावाचा प्रकारही दिला आहे. श्रीगोंदेकरांनी संपादिलेला हा ग्रंथ बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेत प्रसिद्ध झाला आणि त्याचा दुसरा खंड १९३९ साली निघाला. म्हणजे ही काही दडवलेली बातमी नव्हे. ओवी तेवढी उचलावयाची आणि वराह तेवढा वगळावयाचा, हे इतिहासवाचन नव्हे. ही साक्षीदाराच्या जबानीतून सोयीची वाक्ये वेचून काढणे आहे, आणि कोणतेही न्यायालय अशी जबानी वाचून घेणार नाही.

आमच्या कोकणी वाचकांना हा आक्षेप बहुधा हास्यास्पद वाटेल. गोव्यातील ख्रिस्ती घरांत सोरपोतेल नसेल तर सण अपुरा राहतो; मंगळूरकडे बाफाताच्या मसाल्यातले ‘डुकरा मास’ लग्नाच्या जेवणात मानाने येते; आणि आमच्याच कर्नाटक राज्यात कोडगूची पंदी करी ही त्या प्रदेशाची ओळख मानली जाते. सुट्टीत गोव्याला गेलेला आमचा मराठी गृहस्थ तेथे विंदाल्हू मागवतो, ‘स्थानिक चव’ म्हणून तिची प्रशंसा करतो, आणि गावी परतल्यावर डुकरे पाळणाऱ्याच्या दारावरून जाताना पाऊल झपाझप उचलतो. समुद्रकिनारी जी स्थानिक चव ती पठारावर घाण कशी होते, याचे उत्तर भूगोलात सापडत नाही.

ते जातीत सापडते. आमच्या भागात डुकरे पाळणारी कुटुंबे बहुधा कैकाडी वा वडार समाजांची. कैकाड्यांसारख्या जमातींना इंग्रज सरकारने १८७१ पासूनच्या कायद्यांखाली जन्मजात गुन्हेगार ठरविले होते. तो शिक्का कायद्याच्या पुस्तकातून १९५२ साली पुसला गेला, गावाच्या नजरेतून पुसला गेला नाही. मराठवाड्यातील महार-मांग समाजांच्या स्वयंपाकावर शाहू पाटोळे यांनी २०१५ साली पुस्तक लिहिले आणि त्यास ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ असे नाव दिले. त्या एका ‘अ’ मध्ये संपूर्ण फिर्याद आहे. जे अन्न जेवणावळींच्या श्लोकात बसत नाही, ते खाणारी माणसेही मग त्या पूर्णत्वाच्या बाहेर राहतात.

दुसरा आक्षेप अस्वच्छतेचा. तो आम्ही हलका मानीत नाही, कारण त्यात सत्याचा अंश आहे. गटारात मोकाट फिरणारे डुक्कर घाण खाते, आणि त्याच्या कच्च्या मांसातून पट्टकृमी माणसाच्या पोटात जाऊ शकतो. परंतु पुढचा भाग हे आक्षेपक कधी सांगत नाहीत. त्याच कृमीचा जो भयंकर आजार मेंदूत गाठी करतो आणि फिट्स आणतो, तो मांस खाल्ल्याने होत नाही. कृमी झालेल्या माणसाच्या विष्ठेतील अंडी पाण्यातून, भाजीतून किंवा न धुतलेल्या हातांवाटे पोटात गेल्याने तो होतो, आणि म्हणून डुकराचे मांस जन्मात न शिवलेल्यालाही होतो. डुकराला ती लागण माणसाच्या विष्ठेतूनच होते. तेव्हा या प्रकरणात आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करावयाचेच तर उघडी गटारे आणि उघड्यावरचे शौच यांना करावे. डुकरे बंदिस्त पाळावीत, त्यांना स्वच्छ खाद्य मिळावे, कत्तलीपूर्वी आणि नंतर पशुवैद्याने तपासणी करावी, मांस पूर्ण शिजवावे: उपाय हे आहेत. या उपायांसाठी एकही अर्ज न करता केवळ नाक मुरडणाऱ्यास स्वच्छतेचा कैवारी म्हणावे असे आम्हांला वाटत नाही.

तिसरा आक्षेप शेजारधर्माचा, आणि आमच्या दृष्टीने हाच एक विचार करण्यासारखा आहे. ज्या गावाच्या नावातच कानडी ‘हळ्ळी’ आणि मराठी ‘खेड’ शेजारी बसली आहेत, त्या मुलखात लिंगायत राहतात, मुसलमान राहतात, जैनही राहतात. मुसलमानाला हे मांस निषिद्ध आहे, लिंगायताला आणि जैनाला मांसमात्र वर्ज्य आहे. त्यांच्या या निष्ठेविषयी आम्हांला पूर्ण आदर आहे. जो काड्या भाजणार त्याने जाळी वेगळी ठेवावी, भांडी वेगळी ठेवावीत, धूर कोणाच्या खिडकीत जातो ते पाहावे. पंक्तीला मुसलमान मित्र येणार असेल तर त्याच वाटणात हलाल कोंबडीचे तुकडे वेगळ्या विस्तवावर भाजावेत. यात कोणाचा पराभव होत नाही. कोणास डिवचण्यासाठी जो चूल पेटवतो त्याचे वकीलपत्र आम्ही घेतलेले नाही.

परंतु न खाणे वेगळे आणि खाणाऱ्यास हीन लेखणे वेगळे. कल्याणच्या शरणांनी मांस वर्ज्य केले, पण बाराव्या शतकात त्याच शरणांनी चांभाराला आणि ब्राह्मणाला सोयरे मानले. व्रत स्वतःसाठी असते. दुसऱ्याला दाराबाहेर उभे करण्यासाठी ते वापरले की त्याचे शस्त्र होते.

कायदाही हाच भेद करतो. अहमदाबादेतील कत्तलखाने पर्युषणात नऊ दिवस बंद ठेवण्याचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे आला, तेव्हा २००८ साली न्यायालयाने ती अल्पकाळची बंदी उचलून धरली. परंतु त्याच निकालात, कोणी काय खावे ही ज्याची त्याची खाजगी बाब असून ती घटनेच्या २१ व्या कलमातील खाजगीपणाच्या हक्कात येते, असेही म्हटले. शेजाऱ्याच्या भावनेसाठी थोडे थांबणे आणि शेजाऱ्याच्या ताटावर हक्क सांगणे, यांतील सीमारेषा याहून स्पष्ट कोणती असावी? डुकराचे मांस खाण्यास तर कर्नाटकात वा महाराष्ट्रात कोणत्याच कायद्याची मनाई नाही. अस्पृश्यता घटनेच्या १७ व्या कलमाने नष्ट झाली आणि १९५५ च्या अधिनियमाने ती पाळणे दंडनीय ठरले. पण “घर फक्त शाकाहारींसाठी” अशी पाटी लावून जेव्हा घरमालक भाडेकरूचे आडनाव विचारतो, तेव्हा त्याच्या मनातला हेतू शाबीत करणे वकिलाला फार कठीण जाते. जी अस्पृश्यता पाणवठ्यावरून हटली ती स्वयंपाकघराच्या आडोशाला जाऊन बसली आहे, आणि तेथे तिला आवडनिवड हे सभ्य नाव मिळाले आहे. कायद्याचा हात जेथे पोचत नाही तेथे समाजाच्या लाजेने पोचावयाचे असते. आमची लाज मात्र उलट्या दिशेने चालते आणि खाणाऱ्या मुलाच्या मानेवर जाऊन बसते.

म्हणून आमचे मागणे थोडके आहे. ज्याला खावयाचे नाही त्याने खुशाल खाऊ नये. पण शेजाऱ्याच्या चुलीवर मतप्रदर्शन करू नये. ज्याला मू पिंग घरी करण्याची हौस आहे त्याने ती जरूर करावी. मात्र मांस शहरातील गोठवलेल्या पुड्यांतून न आणता गावात बंदिस्त डुकरे पाळणाऱ्याकडून, तपासलेले, रास्त दराने आणि त्याच्या दारात उभे राहून घ्यावे. कोणता भाग काडीला बरा आणि चरबी किती ठेवावी हे त्याला विचारावे. ते त्याला आमच्या कोणत्याही पाकपुस्तकापेक्षा अधिक कळते. आणि काड्या भाजून झाल्यावर पाहुण्यांनी विचारले की हा पदार्थ कोठला, तर बँकॉकचे नाव घेताना त्या माणसाचेही नाव घ्यावे. एवढे ज्याच्याने होत नसेल, त्याने परदेशी चवीच्या गप्पा बंद कराव्यात हे बरे.