एका सर्वनामाचा अर्थ आणि न्यायालयाची मर्यादा

निवडणूक लोकांची, कायदा संसदेचा; मग त्याचा अर्थ लावणारे न्यायालय कोण? हा प्रश्न हल्ली मोठ्या आवेशाने विचारला जातो. विचारणाऱ्यांनी दुधनी डोळ्यांपुढे आणावी. कर्नाटकाच्या सीमेवरील या गावात मराठी आणि कानडी एकत्र नांदतात. १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याचे कलम १२३(३) धर्म, वंश, जात, समाज आणि भाषा यांच्या नावाने मत मागणे हे भ्रष्ट आचरण ठरवते. मग येथे विधानसभेच्या उमेदवाराने ‘भाषा जगवा, मला निवडून द्या’ म्हटले, तर तो अपराध की सेवा? कलम स्वतः बोलत नाही. भाषेच्या जतनासाठी झटण्याचे आश्वासन हे भ्रष्ट आचरण नव्हे, हा निर्वाळा १९६४ मध्ये जगदेवसिंग सिद्धांती खटल्यात सर्वोच्च न्यायालयालाच द्यावा लागला.

खरा वाद पेटला तो १९६१ च्या दुरुस्तीने या कलमात आलेल्या ‘त्याचा’ या सर्वनामावरून. कोणाचा धर्म? केवळ उमेदवाराचा की मतदाराचाही? सांताक्रूझच्या १९९० च्या निवडणुकीतून उद्भवलेल्या अभिराम सिंग खटल्यात २ जानेवारी २०१७ रोजी सात न्यायाधीशांपैकी चौघांनी उमेदवार, प्रतिस्पर्धी आणि मतदार या सर्वांचा, असा व्यापक अर्थ स्वीकारला. उरलेल्या तिघांच्या मते हा अर्थ लावणे म्हणजे कायदा नव्याने लिहिणे होते. शिवाय जातीमुळे अन्याय सोसलेल्यांचे गाऱ्हाणे त्यामुळे सभेतून हद्दपार होईल, अशी त्यांना भीती वाटली.

ही भीती आदरणीय आहे. पण तिच्यातून अतिक्रमण सिद्ध होत नाही. संकुचित अर्थ हाही अर्थच आहे. निवाडा मागितल्यावर न्यायालयाला दोहोंपैकी एक स्वीकारणे भाग होते. तो संसदेला अमान्य असेल, तर दुरुस्तीचा मार्ग मोकळा आहे. न्यायालयाला दूर ठेवल्यास काय होते, हे १९७५ ने दाखविले : पंतप्रधानांची निवडणूक न्यायकक्षेबाहेर नेणारी ३९ वी घटनादुरुस्ती आली आणि तिचा तो भाग न्यायालयानेच रद्द केला. जिंकणाऱ्याने स्वतःच पंच व्हावे, हे कोणत्या लोकशाहीत बसते?

न्यायालयाला दोष द्यायचाच, तर विलंबाचा द्या. उच्च न्यायालयाने निवडणूक याचिका सहा महिन्यांत निकालात काढण्याचा प्रयत्न करावा, असे कायदा सांगतो. विलेपार्ल्याच्या डिसेंबर १९८७ च्या पोटनिवडणुकीचा अंतिम निकाल डिसेंबर १९९५ मध्ये लागला; सांताक्रूझच्या प्रकरणातील सर्वनामाचा अर्थ ठरायला सत्तावीस वर्षे लागली. मुदत संपून गेल्यावर मिळालेला न्याय मतदाराच्या काय कामाचा?

आणि वाचकहो, हा नियम केवळ इतरांसाठी नाही. उमेदवाराच्या संमतीने चर्चच्या आवारात ‘आपल्या धर्माचा म्हणून याला मत द्या’ असे कोणी म्हटले, तर तेही याच कलमात मोडते. संख्येने थोड्या असलेल्या समाजाने हा अर्थ ओझे मानू नये. धर्मावर मते मागण्याची मुभा सर्वांना मिळाली, तर त्या बाजारात सर्वांत आधी हरणार आहोत ते आपणच.